गाळलेला ठोका

१

आमच्या घरी दुपार लवकर होते. सकाळी मासे साफ करायचे, आमटी-भात टाकायचा, लेकीला, प्राजूला, भरवायचं, आणि बाबा जेवून मांडवात जाळी शिवायला गेले की मागचं दार ओढून घ्यायचं. त्या दारातून वाळू आत येते. दारापुढे सुरूची झाडं, सुरूपुढे समुद्र, मध्ये दुसरं काही नाही. माझं माहेर मसुऱ्याचं, भातशेतीतलं. समुद्राच्या आवाजाची सवय झाली असं मी सगळ्यांना सांगते. झालेली नाही.

बाबा म्हणजे माझे सासरे, भिकाजी. नवरा चंदन मालाच्या बोटीवर असतो, वर्षातला बराच काळ बाहेर. सासूबाई मी लग्न होऊन येण्याआधीच गेल्या. वाडीत रापण लागली, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायचं असलं, की घरटी एक माणूस दोरीला गेलाच पाहिजे, ही इथली पद्धत. ज्याचा हात दोरीला लागला तो मोजला. घरातलं कोण, हे कोणी विचारत नाही. बाबांचे गुडघे गेल्यापासून आमच्या घरचा माणूस मीच. रांगेत उभी राहून दोर ओढताना मला बरं वाटतं. आपण पण कुठेतरी धरलेलो आहोत असं वाटतं.

प्राजक्ताला तीन वर्षं पुरी झाली तरी ती एक शब्द बोलली नव्हती. 'आई' सुद्धा नाही. कुडाळच्या डॉक्टरांना दाखवलं, ओरोसला दाखवलं. कान चांगले म्हणाले, जीभ चांगली म्हणाले, वाट बघा म्हणाले.

"बोलतली गो," बाबा म्हणायचे. "चंदन पण उशिरा बोललो. आता फोनार गप रवना नाय."

वाडीतल्या बायका आधी विचारायच्या. मग त्यांनी विचारणं बंद केलं. ते जास्त लागायचं.

२

घड्याळ चंदनने गणपतीत आणलं, जर्मनीच्या कुठल्याशा बंदरातून. पांढरं, गोल, स्टीलच्या कडेचं. देव्हाऱ्याच्या वर एक खिळा होता, त्यालाच त्याने ते अडकवलं.

"साधा घड्याळ नाय हां ह्या," तो म्हणाला. "थंय एक उंच खांब आसा. थंयसून वेळ हवेत सोडतत, रेडिओर. ह्या आपणच पकडता आणि आपणच काटे फिरवता. एका सेकंदाचो फरक पडूचो नाय."

"मगे हयसर पण पकडतला?"

"हयसर खंयचा. खांब रवलो थंय. हयसर आपण हातान लावचा, साध्या घड्याळासारख्या."

"मगे आणलंस कित्याक?"

"दिसाक बरा आसा," तो म्हणाला, आणि बाबा जेवता जेवता हसले.

तो बोटीवर परत गेला. दिवाळीनंतर घड्याळाचे सेल संपले. मी नवे घातले, तसे काटे एकदम धावायला लागले. गरागरा फिरले आणि बारावर जाऊन एकावर एक उभे राहिले. मी घाबरून चंदनला फोन लावला.

"तां सिग्नलची वाट बगता," तो म्हणाला. "नाय गावलो की सोडून देतला. मगे मागचा बटन दाबून लाव."

मी बटण दाबलं. बहुतेक चुकीचं दाबलं. काटे पुन्हा धावले आणि पुन्हा बारावर उभे राहिले. मी नाद सोडला. वेळ बघायला मोबाईल आहे. घड्याळ देवांच्या डोक्यावर तसंच बारा वाजवून राहिलं, आणि प्राजू जेवताना घास तोंडात धरून त्याच्याकडे बघत बसायची. ती पण कशाची तरी वाट बघतेय असं वाटायचं.

३

शेजारच्या घरी बारसं होतं. तिथे प्राजूपेक्षा वर्षाने लहान असलेला एक मुलगा माझ्याजवळ आला आणि "काकी, पाणी" म्हणाला. मी त्याला पाणी दिलं. घरी आले. बाबा मांडवात होते. मी देव्हाऱ्याखालचा नारळ उचलला आणि हातात धरून उभी राहिले.

गाऱ्हाणं घालणं बायकांचं काम नाही. आमच्याकडे पुरुष घालतात. बाबा पूर्वी वाडीचं घालायचे. एक माणूस नारळ धरून देवाला हाक मारतो, गावाच्या राखणदारापासून एकेकाचं नाव घेतो, काय हवं ते मागतो, आणि तो थांबला की मागची सगळी माणसं एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतात. लहानपणापासून ऐकलेलं. पण बोलायला गेले तर नावं सुचेनात. माहेरचा देव आधी की सासरचा? कुणाचं आधी घेतलं तर कोण रागावेल? माझ्या हातून सगळं उलटं होतं, तसं हेही होईल, म्हणून मी नावंच गाळली.

"जो कोण आयकत आसात," मी म्हटलं, "तेच्या पायाकडे माझा गाऱ्हाणा. माझ्या चेडवाक, ह्या प्राजूक, वाचा दी. एक शब्द तरी बोलांदे."

मागे "व्हय म्हाराजा" म्हणायला कोणी नव्हतं. फक्त प्राजू होती, जमिनीवर बसलेली.

तेवढ्यात वर खट्ट झालं. काटे हलले. सावकाश फिरत फिरत एका जागी आले आणि तिथून नीट चालायला लागले. मी मोबाईल बघितला. घड्याळ बरोबर होतं. अगदी बरोबर.

मी नारळ जागेवर ठेवला आणि देवाला नमस्कार केला. मला वाटलं होतं की हा चांगला शकुन आहे.

४

त्याच दिवसापासून बाबांचा ट्रान्झिस्टर बिघडला. ते अजून हवामानाच्या बातम्या त्याच्यावरच ऐकतात, मोबाईलवर त्यांचा विश्वास नाही. बातम्यांच्या मागे टक टक टक असा आवाज यायला लागला. बारीक, कोणी नखाने फळी वाजवावी तसा.

आमची डिश बघायला बाजारातला गुरुदास आला होता. तो टीव्ही, मोबाईल दुरुस्त करतो. मी त्याच्या पुढ्यात ट्रान्झिस्टर ठेवला. तो कानाला लावून ऐकत राहिला.

"वयनी, हो बिघाड नाय. ह्या कोणतरी टाइम सोडता," तो म्हणाला. "आयका. सेकंदाक एक ठोको. आणि मिनिट भरता तेव्हा एक ठोको गाळतत. मुद्दाम. म्हणजे घड्याळाक समाजता, आता नवा मिनिट."

मी ऐकलं. टक, टक, टक, आणि मध्येच एक जागा मोकळी. मग परत टक. त्या मोकळ्या जागेत मला उगाच श्वास रोखल्यासारखं झालं.

"तेच्यामुळे आमचा घड्याळ चलता?"

त्याने वर बघितलं. घड्याळाच्या मागे काय छापलंय ते खुर्चीवर चढून वाचलं आणि खाली उतरला.

"ह्या जर्मनीचा. थंयचो सिग्नल पकडल्यान तर थंयची वेळ दाखवतला. ती आपल्या मागे चलता, साडेतीन-साडेचार तास. ह्या आपली वेळ दाखवता." तो डोकं खाजवत हसला. "आपल्याकडे असलो सिग्नल कोण सोडत नाय. निदान माका तरी म्हायत नाय."

मग त्याने ट्रान्झिस्टर हातात धरून हळूहळू फिरवला. एका बाजूला आवाज कमी व्हायचा, एका बाजूला वाढायचा. फिरवत फिरवत तो मागच्या दाराशी गेला. तिथे आवाज इतका मोठा झाला की त्याने ट्रान्झिस्टर कानापासून लांब धरला.

"समुद्राच्या बाजून येता. लांबचो नाय. खंयची तरी बोट आसतली, काय तरी टेस्टिंग करतत," तो म्हणाला. दार उघडून त्याने बाहेर बघितलं. बोट नव्हती. चहा न घेताच गेला. घाई असेल.

५

दोन दिवसांनी प्राजू बोलली.

मी भांडी घासत होते. ती देव्हाऱ्यासमोर उभी होती. स्पष्ट, शांत आवाजात ती म्हणाली, "व्हय."

हातातला टोप तसाच टाकून मी धावले. तिला उचललं, तिचे गाल, कपाळ, हात, सगळं चाटून काढल्यासारखं केलं. "परत बोल गो माझ्या बाय, परत बोल." ती माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिली, आणि थोड्या वेळाने परत म्हणाली, "व्हय."

मी मोबाईलवर तिचा व्हिडिओ काढून चंदनला पाठवला. त्याचा फोन संध्याकाळी आला. तो रडत होता, मागे बोटीवरची मुलं त्याला चिडवत होती. मग त्याने मला विचारलं, "सलू, पण ती कोणाक म्हणता?"

"काय?"

"व्हिडिओत तू काय इचारूकच नाय. मगे ती व्हय कोणाक म्हणता?"

मी हसून म्हटलं, पोरं काहीही बोलतात. फोन ठेवून व्हिडिओ परत लावला. ट्रान्झिस्टर त्या वेळी चालू होता, बाबा बंद करायचे विसरले होते. टक, टक, टक. जिथे ठोका गाळलेला होता तिथे प्राजू "व्हय" म्हणत होती. आधी नाही, नंतर नाही. नेमकी त्या जागेत.

मी स्वतःला समजावलं. मुलं ताल पकडतात. टाळ्या वाजवल्या तर नाचतात, तसंच हे. दुसऱ्या दिवशी ट्रान्झिस्टर बंद केला, त्याचे सेल काढून कपाटात ठेवले. घड्याळाचे पण काढले. घर एकदम गप्प झालं. समुद्र तेवढा ऐकू येत होता. प्राजू भिंतीला टेकून बसली होती. तिने मान थोडी वाकडी केली, जसं आपण लांबून येणारी हाक ऐकतो, आणि म्हणाली, "व्हय."

मी मोबाईल काढला. मिनिट बदललं होतं. मी बघत राहिले. परत मिनिट बदललं आणि परत ती बोलली.

दुसरा शब्द मात्र ती शिकली नाही. मी "आई" म्हण म्हटलं तर माझ्या तोंडाकडे बघायची, खुर्चीकडे बघावं तशी.

६

कपडे वाळत घालून मी आत आले तेव्हा मागचं दार उघडं होतं. कडी मी स्वतः घातली होती. की घातली नव्हती? मला आता सांगता येत नाही.

मी सुरूतून धावले. ऊन डोक्यावर होतं, वाळू भाजत होती. पुढे पाण्याच्या कडेला माणसांची रांग दिसली, पाठमोरी, खांद्याला खांदा लावून. रापण लागली, असं मला वाटलं, आणि जिवात जीव आला. म्हणजे वाडीतली माणसं आहेत, पोरीला कोणीतरी धरेल. प्राजू त्यांच्याकडेच चालत होती, न धडपडता, मोठ्या माणसासारखी.

"अरे, कोणतरी प्राजूक धरा," मी ओरडले.

कोणी वळलं नाही.

मग बाकीचं दिसलं. दोर नव्हता. होडी नव्हती. रापणीला होतो तो आरडाओरडा नव्हता, शिव्या नव्हत्या. सगळ्यांची कोपरं अंगाला चिकटलेली, हात पुढे जोडले असले की मागून दिसतात तशी. उन्हात त्यांच्या कडा हलत होत्या, पण माणसं हलत नव्हती. आणि रांगेत मधोमध एक जागा मोकळी होती. अरुंद. पोर उभं राहील एवढीच. प्राजू सरळ त्या जागेकडे चालली होती.

मी तिला कमरेतून उचललं आणि मागे वळून पळाले. तिने हातपाय झाडले नाहीत. माझ्या कानाशी, थंड आवाजात, तिने परत तिचा तो शब्द म्हटला.

दाराशी पोचून बघितलं तेव्हा नुसती वाळू होती, आणि पाणी.

मांडवातून बाबा आले. "काय झाला गो? कोणाक हाका मारीत होतंस?"

"आज रापण होती?"

"आज खंयची रापण? वारो बघलंस काय?"

७

त्या संध्याकाळी मी त्यांना सगळं सांगितलं. नारळ घेऊन उभी राहिले होते तेही. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एकच विचारलं.

"नाव कोणाचा घेतलंस?"

मी प्राजूच्या केसांतली वाळू काढायला लागले.

"सलू. गाऱ्हाणा कोणाच्या नावान घातलंस?"

"जो कोण आयकत आसात, असा म्हटलंय."

ते गुडघ्यांवर हात टेकून उठले, आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले. अजून उजेड होता. त्यांनी तोच नारळ हातात घेतला, देव्हाऱ्यासमोर उभे राहिले आणि मला मागे उभं केलं. प्राजू माझ्या कडेवर होती.

"बा देवा म्हाराजा," ते म्हणाले. आवाज जुनाच, वाडीला ऐकू जाईल असा. त्यांनी गावाच्या राखणदाराचं नाव घेतलं, वेशीवरच्याचं घेतलं, समुद्राच्या बाजूच्याचं घेतलं. एकही गाळलं नाही. "ह्या पोरीच्या आवशीकडसून, माझ्या सुनेकडसून, काय चूकभूल झाली आसात, ती पोटात घाल, आणि जेणी कोणी हिका हाक मारल्यान, तेची हाक परती फिरव."

ते थांबले. आता मला म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं.

माझ्या आधी प्राजू 'व्हय' म्हणाली. आणि तिच्याबरोबर मागच्या बंद दाराच्या पलीकडून, दबक्या आवाजात, पुष्कळ जण एकदम म्हणाले.

बाबांनी मागे बघितलं नाही. त्यांची मान तेवढी ताठ झाली. त्यांनी नारळ खाली ठेवला.

"माझा गाऱ्हाणा दुसरोच कोण तरी घेता," ते म्हणाले.

"आता?"

"व्हय म्हटला म्हणजे कबूल केला." ते खाली बसले. "चेडवाक तेंनी रांगेत धरल्यानी."

मी प्राजूला घट्ट धरून उभी होते. काय विचारतेय ते विचारून झाल्यावर मला कळलं.

"बाबा, रापणीक घरटी एकच ना? घरातला कोणय चलता ना?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग दाराकडे. मग परत माझ्याकडे. "सलू," ते म्हणाले.

८

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी प्राजूला समोर घेऊन बसले. तिचे दोन्ही हात माझ्या हातात. मोबाईल लांब ठेवला, तो बघून जमलं नसतं. डोळे मिटले. आधी काहीच नव्हतं. समुद्र, कावळा, कुणाच्या तरी बाइकचा आवाज. मग तिच्या मनगटातून आल्यासारखं वाटलं. टक, टक. मी तो धरला. धरला की सोडता येत नाही, दोरीसारखाच. हात लागला की पुढचा ओढतो आणि मागचा ओढतो, आपण मध्ये.

मोकळी जागा यायच्या आत तिचे ओठ उघडलेले मला कळले. मी आधी म्हटलं, "व्हय."

तिचे ओठ तसेच उघडे राहिले. आवाज आला नाही. तिच्या कपाळाला आठी पडली.

परत. परत मी आधी. ती हात सोडवायला लागली. मी सोडले नाहीत. तिने डोकं हलवलं, तोंड वाकडं केलं, रडली, खऱ्या लहान मुलासारखी रडली, नाक गळेपर्यंत. मी म्हणत राहिले. ऊन उंबऱ्यावरून पुढच्या खळ्यात, अंगणात उतरलं. माझा घसा सुकला. एकदासुद्धा मी तिला ती जागा मिळू दिली नाही.

बाबा दारात येऊन उभे होते, कधीपासून माहीत नाही.

प्राजूने शेवटी एक हात सोडवून घेतला आणि तळवा माझ्या तोंडावर दाबला.

"आई," ती म्हणाली, "गप रव."

९

आता ती थांबत नाही. कावळ्याशी बोलते, घागरीशी बोलते, बाबांना "आजोबा, तुमचे गुडघे खंय गेले" म्हणून विचारते, आणि ते तिला एकेक नवीन गोष्ट रचून सांगतात. हसताना माझ्याकडे बघत नाहीत. वाडीतल्या बायका परत विचारायला लागल्या आहेत. चंदनला तिने फोनवर "पप्पा, तू कधी येतलंस" म्हटलं, तेव्हा तो पुन्हा रडला.

मला म्हणाला, "गो, तुझ्या हयसर नेटवर्क जाता काय? बोलता बोलता मधीच थांबतस."

मी म्हटलं, "व्हय."

घड्याळ मी काढून माळ्यावर टाकलं आहे. त्याला सेल घालू नको, असं चंदनला सांगितलंय. का ते सांगितलं नाही. रापण लागली तर आता घरचा माणूस म्हणून बाबा जातात, काठी टेकत, नुसता हात लावायला. मला पाठवू नका असं मीच म्हटलं. त्यांनी कारण विचारलं नाही.

मागचं दार मी उघडत नाही. काल उघडलं, बोटभर. दुपार होती. रांग तशीच होती, पाठमोरी. मोकळी जागा पण होती, पण आता अरुंद नव्हती. दोन्ही बाजूची माणसं सरकली होती, उशिरा आलेल्या माणसाला दोरीवर जागा करून देतात तशी. बाईमाणूस नीट उभं राहील एवढी.

मी दार लावलं. कडी घातली. घातलेली हाताने चाचपून बघितली.

प्राजू माझ्या मागे येऊन उभी होती. तिने माझ्या साडीचा पदर धरला होता.

"आई," तिने विचारलं, "तू थंय जातलंस?"

'नाय' म्हणायला मी तोंड उघडलं, आणि नेमका तेव्हा ठोका गाळला गेला.

"व्हय," मी म्हटलं.